मुंग्यांनी खाल्लेला शेवटचा भाग

आपले बहुतेक सण घर बांधून राहिलेले असतात. गणपतीला पाऊस लागतो, दिवाळीला कापलेल्या भाताचा वास लागतो, शिमग्याला उन्हाचा चटका लागतो. ते दरवर्षी येतात, आपापल्या ठरलेल्या जागी पाट मांडून बसतात आणि जातात. रमजान मात्र भटका. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. कधी थंडीत शाल पांघरून येतो, कधी भर पावसात छत्रीशिवाय. सगळे ऋतू फिरून पुन्हा पहिल्या ठिकाणी यायला त्याला एवढी वर्षं लागतात, की तेवढ्यात माणूस वेणीतून चष्म्यात जातो.

मी गेलेच आहे. यंदा बेळगावच्या बाजारात पिशवी घेऊन उभी होते. एका बाजूला ओले काजू पानाच्या द्रोणात घालून बसलेली बाई, तिच्याशेजारी खजुराची गाडी. काजूच्या बोंडूंचा आंबूस, नाकात शिरून घशाला खरखर करणारा वास आणि खजुराचा जड गोडवा असे दोन्ही एकदम आले आणि मी रस्त्यातच थांबले. मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवत होता. वाजवू दे. मी त्या क्षणी अठरा वर्षांची होते, परीक्षा संपली होती, हातांना काजूच्या चिकाचे काळे डाग होते, आणि दिवस मावळायची वाट बघत होते. कारण दिवस मावळला की पलीकडच्या घरात रुक्सी यायची.

रुक्सी कोण ते सांगते. पण आधी पडदा वर करू दे. असल्या गोष्टी मी घाईने सांगत नाही. माझ्या घरचे त्यावरून बोलतात, पण ऐकायला तेच पहिले बसतात.

स्थळ रामनगर, जोयडा तालुका. रामनगर म्हणजे उचलून आणून ठेवलेलं गाव. सुप्याला धरण झालं, काळी नदीने जुनी घरं पोटात घेतली आणि आम्हाला इथे रांगेत प्लॉट मिळाले. आमचं मूळ खानापूरकडचं, पण आजोबांनी सुप्याला दुकान टाकलं होतं, म्हणून आम्हीही त्या रांगेत. जुन्या गावात कोणी कोणाचं शेजारी व्हायचं ते पिढ्यांनी ठरवलं होतं. इथे ते प्लॉटच्या नंबराने ठरवलं. आमच्या नंबराला चिकटून उस्मानचाचांचा नंबर आला. मधे कमरेएवढा दगडी गडगा. त्या गडग्यावरून बोलणी जायची, कोंबड्या जायच्या, आणि सगळ्यांत जास्त जायच्या त्या ताटल्या.

ताटलीचा कायदा आमच्या गल्लीत कोणी लिहिला नव्हता, पण मोडलेला मी पाहिला नाही. कोणाच्या घरून काही आलं की ताटली रिकामी परत करायची नाही. चिमूटभर साखर घाल, गुळाचा खडा घाल, फणसाचे चार गरे घाल. एकदा महिनाअखेरीला घरात खरोखर काही नव्हतं, तेव्हा आईने परसातली कढीलिंबाची डहाळी ताटलीत आडवी ठेवून पाठवली होती. खालाने ती मोठ्या मानाने घेतली. रिकामी ताटली परत गेली तर त्याचा अर्थ भांडण. आणि ताटली परत गेलीच नाही, तर? तर त्याचा अर्थ एवढाच की अजून काहीतरी यायचं आहे. प्रत्येक ताटलीच्या पाठीवर टिंबाटिंबांनी मालकिणीचं नाव कोरलेलं असायचं. आमच्या फडताळात आईच्या नावाच्या ताटल्या कमी आणि गल्लीच्या जास्त होत्या. माझं वाचन त्या ताटल्यांवरच सुधारलं.

खाला म्हणजे उस्मानचाचांची बायको, मेहरून. आम्ही पोरंसोरं तिला खालाच म्हणायचो. रुंद बांध्याची, मोठ्या आवाजाची, आणि देवाला घाबरणारी बाई. तिचा मुलगा सलीम मस्कतला एसी दुरुस्त करायचा. त्या वर्षी तो महिनाभराच्या रजेवर आला तो रंगीत टीव्ही, व्हिडिओ आणि बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा घेऊन. डब्यात बिस्किटं नव्हती, कॅसेटी होत्या. मागच्या रमजानात तिकडच्या टीव्हीवर एक उर्दू मालिका लागायची, रोज एक भाग, रोजा सोडून लोक बसले की बघायची. हलकीफुलकी, प्रेमाची. सलीमने ती खोलीवर बसून रोजच्या रोज भरून घेतली होती. परत जाताना तो बहिणीला म्हणाला, "रमजानात लाव. मज्जा येईल."

खालाचा जीव खालीवर. रमजानच्या महिन्यात घरात टीव्ही? तिने चाचांना विचारलं, चाचा म्हणाले तुझं तू बघ. तिने आईला विचारलं. आई म्हणाली, "अगे, रमजानसाठीच केलेली हाय न्हवं? मग त्येच्यात काय पाप?" हे खालाला पटलं, पण पुरतं नाही. म्हणून तिने स्वतःलाच एक अट घातली. दिवसाला एकच भाग. दिवस मावळल्यावरची मगरिबची नमाज झाली की रात्रीच्या इशाच्या नमाजेआत. एका कॅसेटवर पाच-सहा भाग असायचे, सलग बघता आले असते. खाला एक भाग झाला की उठायची, कॅसेट काढायची आणि सगळ्या कॅसेटी स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यात खुपसून झाकणावर पाटा ठेवायची. दिवसभर पोट धीर धरतंय तर डोळ्यांनीही धरायला पाहिजे, असं तिचं म्हणणं. एकदा कॅसेटीबरोबर तांदळातला किडा मशीनमध्ये गेला आणि एका गंभीर प्रसंगात नायकाच्या कपाळावर रेघ ओढून गेला. आम्हाला वाटलं त्याचं नशीबच.

तो भाग बघायला गल्ली यायची. बायकाच. पुरुष बाहेर कट्ट्यावर. आम्ही तुळशीपुढे दिवा लावून हातात वाटी नाहीतर ताटली घेऊन गडगा ओलांडायचो. खालाच्या ओट्यावर खजूर, कोकमाचं सरबत, कांद्याची भजी, आणि आईची ओल्या काजूची उसळ, जी खालाच्या घरी रोजा सोडायला लागायचीच. आमच्याकडे दूरदर्शन म्हणजे डोंगराच्या आडून येणाऱ्या नुसत्या मुंग्या. चित्र बघायचं तर अँटेनाला एकाने धरून उभं राहायचं, आणि धरणाऱ्याला चित्र दिसायचं नाही. त्या मुंग्यांच्या डब्यात अचानक लख्ख रंगीत माणसं बोलायला लागली, तेव्हा समोरच्या घरातली गंगाक्का पहिल्या दिवशी पदर सावरून बसली होती. न जाणो, तिकडूनही दिसत असेल.

मालिका अशी. कराचीतलं एक घर. त्यात दादी आणि तिची नात रुखसाना, जिला स्वयंपाक म्हणून येत नाही. वरच्या मजल्यावर एक भाडेकरू येतो, कॉलेजात शिकवणारा, देखणा, गप्प. दादी रमजान म्हणून त्याच्याकडे रोज इफ्तारीची ताटली पाठवते, नातीच्या हातची. करपलेले समोसे, खारट भजी. तो सगळं खातो आणि ताटलीत काहीतरी घालून परत पाठवतो. कधी पेरू, कधी लिंबू, एकदा नुसता बर्फ, जो जिना उतरेपर्यंत पाणी झाला. ती चिडते, भांडते, आणि मग हळूहळू ताटलीची वाट बघायला लागते. बस, एवढंच. पण ताटली रिकामी परत करायची नाही हा कायदा कराचीतही आहे हे कळल्यावर गंगाक्काने जी मान डोलावली, ती महिनाभर थांबली नाही. "बघा की, आपल्यासारखीच हायत." रुखसानाची दुसऱ्या दिवशी रुक्सी झाली. भाडेकरूला नाव असेल, पण गल्लीत तो माळ्यावरचाच राहिला.

आता नसरीन. सलीमची धाकटी बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, माझी मैत्रीण. ती हल्याळला आजोळी राहून उर्दू शाळेत शिकलेली. सिनेमे बघून आमचं हिंदीवर भागायचं, पण ही मालिकेतली उर्दू अत्तरात बुडवलेली. निम्मी डोक्यावरून जायची. म्हणून नसरीन टीव्हीच्या बाजूला भिंतीला टेकून बसायची आणि आमच्या बोलीत सांगत जायची. सांगता सांगता कराचीचा समुद्र सुप्याच्या धरणाएवढा व्हायचा, रुक्सीची मैत्रीण दांडेलीच्या बसने यायची, आणि दादी हटकून गंगाक्कासारखी बोलायची.

एकदा गंगाक्काने पकडलं. "काय गे, त्यो दोन शब्द बोलला. तू एवढं लांबडं कसं सांगतीस?"

"उर्दू तशीच असती अक्का," नसरीन डोळा न हलवता म्हणाली. "थोडक्यात बोलतात."

गंगाक्काला ते पटलं. मला नाही, पण मला ऐकायला आवडत होतं.

त्याच दिवसांत नसरीनला कॅसलरॉकचं स्थळ आलं होतं. मुलगा इक्बाल, रेल्वेत सिग्नलवर. घर चांगलं, मुलगा सरळ. त्याची आई हलीमाबी रमजानच्या आधी एकदा येऊन बघून गेली होती. किडकिडीत, चष्म्याची, फार न बोलणारी बाई. तिने सांगितलं होतं, ईदला जवाब द्या, ईदनंतर महिन्याभरात निकाह. चाचांना पसंत होतं. खाला मात्र म्हणाली होती, पोरीचं तोंड उघडल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. आणि पोरीचं तोंड उघडत नव्हतं. कारण तिला मास्तरीण व्हायचं होतं. टीसीएचचं दोन वर्षांचं शिक्षण, मग शाळा. हे चाचांपुढे बोलायची हिंमत नव्हती, आणि इक्बालला नाही म्हणावं असंही मनात नव्हतं. तो मागे एकदा गडग्यापलीकडून दिसला होता तेव्हा त्याने आमच्या कोंबडीला वाट दिली होती. नसरीन त्यावरून त्याला चांगला माणूस ठरवून बसली होती. माणसं ओळखायची तिची रीत मला अजूनही बरी वाटते.

आम्ही दोघी परसात काजू भाजत होतो. पत्र्यावर काजू टाकले की चीक उडतो, जाळ धरतो, लांब काठीने ढवळायचं आणि तोंड वळवायचं. धुरातून डोळे पुसत ती म्हणाली, "सुलू, मी ठरवलंय. शेवटच्या भागात रुक्सी काय म्हणती ते बघायचं. ती हो म्हणाली तर मी हो. न्हाई म्हणाली तर न्हाई."

मालिकेतही गाडी तिथेच आली होती. माळ्यावरच्याची बदली झाली होती, त्याने दादीपाशी रुक्सीला मागितलं होतं, आणि रुक्सीने ईदच्या चाँदरातीपर्यंत मुदत मागून घेतली होती.

"खुळी काय गे तू?" मी म्हणाले. "जन्माचा निकाल मालिकेवर?"

"तुझी आई देवाला कौल लावती की न्हाई? पाकळी उजवीकडं पडली तर व्हय, डावीकडं पडली तर न्हाई. तसाच ह्यो माझा कौल."

मी काठीने काजू ढवळत राहिले. माणसाला दोन्ही बाजूंनी ओढ असली की तो निर्णय बाहेर कुठेतरी ठेवून येतो, पाकळीवर, नाण्यावर, एखाद्या परक्या बाईच्या ओठांवर. त्याला निर्णय नको असतो असं नाही. तो आपला आहे एवढं फक्त मान्य करायचं नसतं.

तेव्हापासून मी मालिका वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले. रुक्सी हसली की मला वाटायचं, गेली कॅसलरॉकला. रुक्सीने जिन्यावर पाय आपटला की वाटायचं, वाचली. आणि नसरीन शांतपणे भाषांतर करत असायची, जसं काही ते तिचं काहीच लागत नव्हतं. आम्ही दोघींनी एकदा तांदळाच्या डब्यावरचा पाटा उचलायचाही प्रयत्न केला. शेवटची कॅसेट लावून पुढचं बघून घ्यायचं म्हणून. पाटा दगडी होता आणि खालाचे कान तिखट. "रोजा तोडायला निघाल्या काय गे दोघी?" असा आतून आवाज आला आणि आम्ही पळालो.

मग ती संध्याकाळ आली. उन्हाने दिवसभर पत्रे तापवले होते, फणस पिकून फुटले होते, आणि त्यांचा वास ओलांडून कुठे जायला जागा नव्हती. पुरुष आणि पोरं मैदानात जाऊन पश्चिमेकडे बघत उभे होते. चाँद दिसला तर उद्या ईद. आणि दुपारच्या गाडीने लोंढ्याला उतरून, तिथून बसने हलीमाबी आली होती. जवाब न्यायला. हातात फडक्याखाली ताटली, तिच्यात गुलगुले. मी ती ओट्यावर ठेवताना सवयीने पाठ वाचली. "हलीमा, कॅसलरॉक."

रोजा सुटला, नमाज झाली. खालाने संकोचाने सांगितलं की आज शेवटचा भाग आहे, बायका जमतील, चालेल ना. हलीमाबी म्हणाली, "लावा की. मी पण बघते." ती दखनीत बोलायची. मी इथे मराठीत सांगतेय. नसरीनचीच चेली मी.

खोलीत श्वास घ्यायला जागा नव्हती. हलीमाबीला खुर्ची, बाकी आम्ही सगळ्या जमिनीवर. गाणं झालं. मग जिना. जिन्याच्या वरच्या पायरीवर रुक्सी, हिरव्या कपड्यांत, हातात माळ्यावरच्याची ताटली. खाली दारात तो, पायाशी बॅग. आतून दादीचा आवाज आला. नसरीन म्हणाली, "दादी विचारती, बोल पोरी, काय सांगू त्याला?" रुक्सीने ताटलीकडे बघितलं. मग वर बघितलं. तिचे ओठ उघडले.

खट्.

पडद्यावर मुंग्या.

कोणाला काही कळेना. गंगाक्का म्हणाली, "वीज गेली काय?"

"वीज हाय," खाला म्हणाली. "कॅसेट संपली."

"संपली म्हंजे? ती बोललीच न्हाई की."

नसरीन उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग. तिने पाटा ढकलला, झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात तांदळात घातले. एक कॅसेट, दुसरी, तिसरी, सगळ्या बघून झालेल्या. तिने तळ चाचपला. तळाला तांदूळच होते.

पुढे आमच्या दुकानातल्या फोनवर सलीमचा ट्रंककॉल आला तेव्हा उलगडा झाला. शेवटचा भाग सुरू झाला तेव्हा मशीनमधल्या कॅसेटवर जराशीच जागा उरली होती. ती संपली की नवी घालायची म्हणून तो बसला होता. तेवढ्यात खालून कोणीतरी ओरडलं, चाँद, चाँद. सगळी इमारत गच्चीवर धावली. घरापासून एवढ्या लांब ईदचा चाँद, सलीमही धावला. चाँद बघून, गळाभेटी करून खाली आला तोवर रुक्सीने काय सांगायचं ते सांगून टाकलं होतं, आणि टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. माणूस महिनाभर राखण करतो आणि नेमका चाँद बघायला उठतो. मला सलीमचा कधी राग आला नाही. त्या क्षणी जो खुर्चीवर बसून राहिला असता, त्याने मालिका तरी कशाला भरून घेतली असती?

पण हे सगळं नंतर. त्या संध्याकाळी नसरीन बाहेर आली ती हाताला तांदळाची पांढरी भुकटी घेऊन. तिचा चेहरा मी बघितला. कौल लावला, आणि पाकळी पडलीच नाही. खोलीत ते फक्त मला माहीत होतं. खालाला माहीत होतं की पोरगी महिनाभर गप्प आहे. हलीमाबीला माहीत होतं की तिला उद्या सकाळच्या गाडीने जवाब घेऊन परत जायचं आहे.

गंगाक्काला यातलं काही माहीत नव्हतं. तिला फक्त पुढची गोष्ट पाहिजे होती. "सांग की गे पुढचं," ती म्हणाली.

"पुढचं न्हाईच, अक्का. काय सांगू?"

"महिनाभर त्यो पडदा एक बोलायचा नि तू दोन सांगायचीस. आता त्यो गप बसला तर तुझी जीभ कशाला अडती?"

बायका हसल्या. नसरीन हसली नाही. ती आपल्या रोजच्या जागी, भिंतीला टेकून बसली. मुंग्या तशाच सळसळत होत्या. बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. आणि मग तिच्या रोजच्या आवाजात, भाषांतराच्या आवाजात म्हणाली, "रुक्सी म्हणती..."

माना पुन्हा पडद्याकडे वळल्या.

"रुक्सी म्हणती, तुमच्या ताटल्या महिनाभर आल्या गेल्या. मी करपलेलं दिलं, खारट दिलं, पण रिकामी कधी दिली न्हाई. ही शेवटची ताटली. ही रिकामी दिली तर तुम्ही म्हणाल, ही न्हाई म्हणाली. तसं मला म्हणायचं न्हाई. पण आज भरून द्यायला माझ्याजवळ काही न्हाई. मी अजून काही झालेच न्हाई. मला दोन वर्षं शिकायचं हाय. शाळेत पोरांना शिकवायचं हाय." ती थांबली. मुंग्यांवरची नजर काढली नाही. "म्हणून ही ताटली मी परत करत न्हाई. ठेवून घेते. दोन वर्षांनी मीच भरून आणीन. तोवर अडत असंल तर बाजारात दुसरी ताटली मिळती."

गंगाक्का पुढे सरकली. "कराचीत बी टीसीएच असतंय?"

"असतंय की, अक्का."

खालाने तोंडाला पदर लावला. तिला कळलं होतं. हळूहळू एकेकीला कळत गेलं. मी बघत होते, माना एकेक करून पडद्यावरून नसरीनकडे आणि नसरीनवरून खुर्चीकडे वळत होत्या. गंगाक्काची शेवटी वळली.

हलीमाबीने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. एवढा वेळ लावून चष्मा पुसणारी बाई मी त्यानंतर पाहिली नाही. मग मुंग्यांकडेच बघत विचारलं, "आणि तो? तो थांबला?"

नसरीनचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. "त्यो... थांबला असंल."

"थांबंल," हलीमाबी म्हणाली. "सिग्नलवरच्या माणसाला थांबायची सवय असती."

माळ्यावरचा कॉलेजात शिकवायचा. मालिकेत सिग्नल नव्हता, रेल्वे नव्हती.

खाला गडबडीने उठली. पाहुणीची ताटली रिकामी जायला नको म्हणून तिने आधीच तिच्यात आईने दिलेले ओले काजू भरून ठेवले होते. ती ताटली घेऊन बाहेर आली. हलीमाबीने त्यातले काजू आपल्या फडक्यात ओतून घेतले, गाठ मारली, आणि रिकामी ताटली नसरीनच्या हातात दिली.

"घासून ठेव," ती म्हणाली. "नाव पुसू देऊ नको. घाई न्हाई."

तेवढ्यात मैदानातून पोरांचा गलका आला आणि उस्मानचाचा दारात उभे राहिले. चाँद दिसला होता. सगळ्या बायका एकमेकींना मिठ्या मारत, डोळे पुसत, हसत होत्या. चाचांना वाटलं चाँदामुळेच. जरा वेळाने त्यांनी टीव्हीकडे बोट करून विचारलं, "काय झालं मग शेवटी?"

गंगाक्का गुडघ्यावर हात टेकून उठली. "ताटली ऱ्हायली," ती म्हणाली आणि घरी गेली.

चाचांना ते समजावून सांगायला खालाला अख्खी ईद लागली. पण ते ऐकून घेणारे होते. नसरीन टीसीएचला गेली. दोन वर्षांनी ती कॅसलरॉकला नांदायला गेली तेव्हा तिच्या हातात ती ताटली होती, वर समोसे, तिने स्वतः तळलेले. त्यातले दोन करपलेले होते. मुद्दाम, असं ती म्हणते. मला शंका आहे.

आमच्या गल्लीत मात्र त्या मालिकेचा शेवट तोच राहिला. गंगाक्का तो गुंदला, अणशीला, जिथे जिथे तिचं माहेर-आजोळ तिथे तिथे सांगत फिरली. लग्नाला आलेल्या पाहुण्यांना सांगितला, भाताच्या लावणीत चिखलात उभं राहून सांगितला. कराचीत कोणीतरी मेहनतीने लिहिलेला, कोणा नटीने मन लावून केलेला शेवट जोयडा तालुक्यात कोणाला कधी लागलाच नाही. दर रमजानात खाला म्हणायची, सलीमकडून ती राहिलेली कॅसेट मागवू या. आणि दर वर्षी कोणी ना कोणी म्हणायचं, कशाला?

हल्ली मुलं अख्खी मालिका एका रविवारी संपवतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. माझ्या हातात असतं तर मीही थांबले नसते; पाटा दगडी होता म्हणून थांबले. पण एक सांगते. दोन भागांच्या मधे एक पूर्ण दिवस असायचा, आणि त्या दिवसात आम्ही रुक्सीबद्दल बोलायचो, भांडायचो, भांडी घासताना तिच्या जागी आपण उभं राहून बघायचो. त्या रिकाम्या दिवसांतच नसरीनने आपला शेवट रचला असणार. ती मुंग्यांसमोर बसली तेव्हा तिला काही सुचावं लागलं नाही. तिला फक्त ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून म्हणायची वाट हवी होती, आणि ती वाट ऐनवेळी खटकन मोकळी झाली.

परवा बाजारातून आले आणि मुलीला ही गोष्ट सांगितली. तिने ऐकता ऐकता फोनवर बोटं फिरवली आणि माझ्यापुढे धरला. तोच जिना. चित्र फिकं झालेलं, पण हिरवे कपडे तेच, ताटली तीच. "हा घे तुझा शेवटचा भाग," ती म्हणाली. "लावू?"

उस्मानचाचा गेले, खाला गेली, गंगाक्काही गेली. हलीमाबी तर नातवंडांना खेळवून, सुनेच्या शाळेचं कौतुक अख्ख्या स्टेशनाला ऐकवून मग गेली. पाटा उचलायला आता कोणाचीच ना नव्हती. मी म्हटलं, लाव.

बघितला. रुक्सीचे ओठ उघडतात, ती लाजते, आणि एक शब्द बोलत नाही. तिच्या वतीने दादीच हो म्हणते. बँड वाजतो. ताटली तिच्या हातातून कोणीतरी काढून घेतं आणि पुढे ती कुठेच दिसत नाही.

संध्याकाळी नसरीनला फोन लावला. ती दांडेलीला असते, अजून शाळेत शिकवते. मागे भांड्यांचा आवाज येत होता, रोजा सोडायची तयारी चालली होती.

"शेवटचा भाग मिळाला गे," मी म्हणाले. "बघितला."

भांड्यांचा आवाज थांबला. मग ती म्हणाली, "काय म्हणती रुक्सी?"

"म्हणती, ताटली मी ठेवून घेते. दोन वर्षांनी मीच भरून आणीन."

ती हसली. तेच हसू, काजूच्या धुरातलं.

"खोटारडे," ती म्हणाली. "सलीमभाईनं ती कॅसेट कुठूनशी मिळवून मला माझ्या लग्नातच गुपचूप दिलेली. रुक्सी तर एक शब्दसुद्धा बोलत न्हाई. एवढं लांबडं कुठून आणलंस?"

"उर्दू तशीच असती बाई," मी म्हटलं. "थोडक्यात बोलतात."